शाळेत कायदा शिकवायचाय, सुरुवात कुठून?

प्रश्न: तालुका कोर्टात वकिली करतो. आठवी-नववीच्या मुलांना विनामोबदला कायदा शिकवायचाय. थेट मुख्याध्यापकांना भेटू का?

प्रतिसाद १: आधी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज द्या, सोबत सनदेची (वकिलीच्या परवान्याची) प्रत. त्यांचं पत्र असलं की शाळा सहज तास देते. २६ नोव्हेंबरला, संविधान दिनाला, सगळेच येतात, जुलै-ऑगस्ट धरा.

प्रतिसाद २: कलमं वाचून दाखवू नका, मागची बाकं पेंगतात. स्कूटीपासून सुरू करा: मोटार वाहन कायदा, कलम १९९अ. गाडी चालवतं पोरगं, २५,००० दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद पालकाला किंवा गाडीमालकाला. मग बघा हात कसे वर होतात!

प्रतिसाद ३: तासानंतर एखादं मूल लैंगिक अत्याचाराबद्दल बोललं, तर पॉक्सोच्या (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक. म्हणून 'कुणाला सांगणार नाही' असा शब्द देऊ नका. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर फळ्यावर लिहा.