मदत हवी आहे: रॉकेटच्या केसिंगमधलं सुटलेलं इन्सुलेशन कसं शोधतात?

नमस्कार मंडळी. मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत क्वालिटीला आहे. पोरगी अकरावीला. घन इंधनाची रॉकेटं का फुटतात, हा विषय तिनं विज्ञान प्रदर्शनासाठी घेतलाय. जानेवारी १९८६ मध्ये रॉकेटच्या सांध्यातली रबरी ओ-रिंग थंडीनं कडक झाल्यामुळं अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान गेलं, हे समजलं. पण त्याच एप्रिलमध्ये टायटन ३४डी हे अमेरिकी रॉकेट उडाल्यावर नऊ सेकंदांच्या आत फुटलं. आतलं इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, केसिंगपासून, म्हणजे बाहेरच्या कवचापासून, सुटलं होतं म्हणे. तिथं आम्ही अडकलोय. कास्टिंगमधला ब्लोहोल, म्हणजे वायूमुळं राहिलेली पोकळी, एक्स-रेत लगेच दिसतो. पण चिकटवलेला थर नुसता सुटला, फट जवळपास नाहीच, तर अल्ट्रासॉनिकनं, म्हणजे ध्वनिलहरी सोडून केलेल्या तपासणीनं, सापडतो का? इंधनही रबरासारखं, लहरी शोषणारं. या कामातलं कुणी असेल तर कृपया सांगा, पोरगी रोज विचारतीया.