सागवानी डायनिंग टेबलाचं पॉलिश : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

१९८६ साली बाबांनी सुताराला घरी बसवून सागवानी जेवणाचं टेबल आणि सहा खुर्च्या करून घेतल्या. आता ते सगळं ठाण्याला माझ्याकडे आलंय. पाय आणि चौकट ठणठणीत आहे, पण वरच्या फळ्यांची रया गेली आहे. रोज जिथे ताटं येतात तिथलं लाकूड राखाडी पडलंय, हळदीचे डाग आहेत, आणि मधोमध कुकरचं पांढरं कडं होतं. 'होतं', कारण ते घालवायला मी नेलपॉलिश रिमूव्हर लावला. (हसू नका.) कडं गेलं, सोबत पॉलिशही गेलं. आता तिथे बशीएवढी जागा कोरडी पडलीय, बोट फिरवलं की खरखरते.

एक सुतार म्हणाला, "ताई, सरळ सनमायका मारून टाका." दुसरा जुन्या पॉलिशवरूनच पीयू (पॉलियुरेथेन, प्लास्टिकसारखा टणक थर देणारं पॉलिश) मारायला तयार आहे. मला दोन्ही पटत नाही.

मूळ पॉलिश कुठलं हे ओळखता येतं का? बाबांना आठवतं ते एवढंच, की सुतार कसलेसे पापुद्रे रात्रभर स्पिरिटमध्ये भिजवायचा आणि दिवसभर कापडाचा बोळा फिरवत बसायचा. पॉलिशपेपर कितीचा आणावा? एका खुर्चीच्या आतल्या बाजूला ८० नंबरचा आडवा घासून बघितला, तर मांजराने ओरबाडल्यासारखं दिसतंय. तीच खुर्ची पाठीत डुगडुगतेही, कुणीतरी तिला खिळे ठोकून ठेवलेत.

आणखी एक. टेबलाच्या कोपऱ्यात दादाने चौथीत असताना कर्कटकाने '७ × ८ = ५४' कोरलंय. आईचं म्हणणं, तेवढं राहू दे.

प्रतिसाद १
पापुद्रे म्हणजे चपडा लाख. तरी खात्री करा : टेबलाखाली, दिसणार नाही अशा जागी स्पिरिटचा बोळा मिनिटभर धरा. चिकट झालं तर लाखच. मग ती स्पिरिटनेच निघते, घासून हात मोडून घ्यायची गरज नाही. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ गॅस किंवा उदबत्तीसुद्धा नको.

लाखेत मेण असतं, त्यावर पीयू नीट धरत नाही, पुढे पापुद्रे सुटतात. म्हणून 'वरूनच मारतो' म्हणणाऱ्याला नमस्कार करा. पॉलिशपेपर आधी १२० नंबरचा, मग १८०, शेवटी २२०, आणि कायम लाकडाच्या रेषांच्या दिशेने. आडवे ओरखडे कोऱ्या लाकडावर लपतात आणि पॉलिश चढलं की उठून दिसतात.

सागात तेल असतं, त्यामुळे पीयू मारण्याआधी थिनरच्या फडक्याने पुसून घ्या. टेबलाच्या वरच्या फळ्यांना पीयूच बरं, कारण लाख गरम भांड्याला टिकत नाही. पाय आणि खुर्च्यांना मात्र लाखच ठेवा, सागावर तिच्यासारखा रंग खुलत नाही. आणि हे पावसाळ्यात करू नका, हवेतल्या ओलाव्याने लाख पांढुरकी पडते.

प्रतिसाद २
खुर्चीचे खिळे आधी उपटा. सांधा मोकळा करून जुना फेविकॉल खरवडून काढा. त्याच्यावर नवा धरत नाही, लोक इथेच चुकतात. नवा लावून सुती दोरीचा फास घाला, दोरीत काडी अडकवून पीळ द्या आणि दिवसभर हात लावू नका. हळदीच्या डागाला रसायनं नकोत. पॉलिश निघालं की फळीला दोन-चार दिवस ऊन द्या, डाग बराच फिका पडेल.

धागाकर्ती
दोघांचे आभार! टेबलाखाली बोळा धरला, बोटं चिकटली. म्हणजे लाखच. काम दसऱ्यानंतर काढते. पण त्या ५४ चं काय करू? पेपर फिरला तर पुसून जाईल ना?

प्रतिसाद १
तिथे पेपर लावूच नका. स्पिरिट आणि जुना टूथब्रश घेऊन हलक्या हाताने लाख काढा, वर पीयूचे पातळ हात द्या. जाड हात दिला तर रेघा भरून जातील. आणि दादाला बोलवा घासायला, आठ साते किती ते विचारून मगच ब्रश द्या.