मदत हवी आहे: आत्या चार महिन्यांत नऊ वेळा १०८ नं दवाखान्यात. तिच्याकडे सगळं मिळून बघणारं कुणी कसं मिळवायचं?

यार्डातला:

नमस्कार मंडळी. मी सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब बघतो. प्रश्न माझ्या आत्याचा आहे. वय ७३. गाव सांगलीपासून तीसेक किलोमीटरवर, द्राक्षबागांच्या पट्ट्यात. मामा, म्हणजे तिचे यजमान, सहा वर्षांपूर्वी गेले. एकच मुलगी, बेळगावला दिलेली. तिची सासू अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेली, त्यामुळं तिला येऊन राहता येत नाही. आत्याला दोनदा सांगलीला आणलं. आठवडाभर आमच्या दोन खोल्यांत राहिली आणि "माझी तुळस वाळंल रं" म्हणून परत गेली.

तिला पंधरा वर्षांपासून साखर आहे, बीपी आहे आणि दोन वर्षांपूर्वी हृदयाचं पंपिंग कमी झाल्याचं निघालं. फेब्रुवारीपासून नवीनच सुरू झालंय. रात्री दोन-अडीचला दरदरून घाम फुटतो, छाती धडधडते, हात कापतात. ती भिंतीवर तांब्या आपटते, शेजारच्या काकी धावत येतात आणि १०८ ला फोन लावतात. गाडी येते, गाडीतले डॉक्टर तपासतात, दवाखान्यात नेतात. सकाळी "आता बऱ्या आहेत" म्हणून घरी. असं नऊ वेळा झालं, तीन वेगवेगळ्या ठिकाणी.

गेल्या रविवारी तिची औषधांची पिशवी पलंगावर ओतली. खताच्या दुकानातली नायलॉनची पिशवी. आत सात केसपेपर, दोन ईसीजी (ते कागद उन्हानं इतके उडालेत की रेघ दिसत नाही) आणि चौदा पाकिटं. बऱ्याचशा पाकिटांचं नाव असलेलं टोक कात्रीनं गेलेलं. आत्या औषध रंगावरून ओळखते. "ही सकाळची पांढरी, ही जेवायच्या आधीची हिरवी, अन् ही नव्या डॉक्टरची."

हृदयाचे डॉक्टर म्हणतात, हे हृदयाचं नाही. दवाखान्यात साखर १४२ आली, म्हणून साखरेचंही नाही. एका ठिकाणी "मनाचं असेल" म्हणून झोपेची गोळी दिली. ज्यानं त्यानं आपापल्या रात्रीपुरतं बरोबरच सांगितलं असेल. पण नऊच्या नऊ रात्री एकत्र कुणीच बघितलेल्या नाहीत.

एप्रिलमध्ये फाट्यावर एक पोरगा मोटारसायकलवरून पडला, तेव्हा गाडी आत्याला घेऊन गेलेली. त्याला जीपमधून न्यावं लागलं. पोरगा वाचला, पण गावात बोलणं झालं की म्हातारी गाडी अडवून ठेवते. ते तिच्या कानावर गेलं. पुढच्या खेपेला तिनं तांब्या आपटलाच नाही. दार लावून पहाटेपर्यंत बसून राहिली. काकींना सकाळी ती उंबऱ्याशी घामानं भिजलेली सापडली.

मला त्या रात्रीची भीती वाटते. गाडी येते याची तक्रार नाही, आता ती गाडी बोलावणार नाही याची भीती आहे. तिच्यासाठी एक माणूस, एक डॉक्टर, एक कागद असं कसं उभं करायचं? कुणी केलंय का?

बागायतदार:

राग मानू नका. आमच्या भागात रात्री गाडी एकच असते. माझ्या भावाच्या वेळी पाऊण तास लागला होता. रात्री सोबतीला बाई ठेवा, नाहीतर सांगलीला हलवा. दर पंधरा दिवसांनी १०८ हा उपाय नव्हे.

फिरता डॉक्टर:

बागायतदार, तुमची बाजू खरी आहे. पण आत्यांनी फोन न केल्यानं गाडी वाचणार नाही. त्या बेशुद्ध सापडल्या तर तीच गाडी जास्त वेळ अडकेल.

मी सातारा जिल्ह्यात १०८ वर काही वर्षं काम केलंय. २०१४ मध्ये ही सेवा राज्यात सुरू झाली ती अपघात, हार्ट अटॅक, बाळंतपणातली अडचण डोळ्यांसमोर ठेवून. आम्हाला पेशंट एका रात्रीपुरता दिसतो. पुढच्या वेळी डॉक्टर वेगळा, कधी गाडीही वेगळी. पायलटला, म्हणजे गाडीच्या ड्रायव्हरला, मात्र घर पाठ असतं. "डॉक्टर, ह्या मागच्या महिन्यात पण होत्या" हे बहुतेक वेळा पायलटच सांगतो आणि ते कुठल्याही कागदावर येत नाही.

यार्डातले भाऊ, तीन गोष्टी विचारतो. १४२ साखर कधी मोजली? त्याआधी काकींनी काही पाजलं होतं का? आणि नऊ तारखा कालनिर्णयवर मांडून बघा, त्या दिवशी आत्या काय जेवल्या होत्या.

घाम, थरथर, धडधड, तेही पहाटेच्या आधी आणि साखरेच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला. याचा अर्थ साखर वाढली असा नसतो, पडली असा असू शकतो. ७० च्या खाली गेली की असंच होतं. गोड पोटात गेलं की गाडी पोहोचेपर्यंत आकडा वर आलेला असतो आणि आमच्यासारखा माणूस "नॉर्मल" लिहून मोकळा होतो. मीही लिहिलेलं आहे, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

यार्डातला:

डॉक्टरसाहेब, काकींना फोन केला. त्या म्हणाल्या, "दर बारीला गुळाचं पाणी पाजते की. त्यानंच तरतरी येती." तारखा मांडल्या. नऊपैकी चार रात्री एकादशीच्या आणि एक महाशिवरात्रीची. आत्या माळकरी आहे. एकादशीला दुपारी भगर, रात्री नुसतं कपभर दूध. गोळ्या मात्र रोजच्यासारख्याच, "डॉक्टरनं चुकवू नका म्हटलंय" म्हणून. दोन वेळा दम लागला होता आणि पायाला सूज होती, ते वेगळं दिसतंय. उरलेल्या दोन रात्रींचं काहीच कळत नाही.

मी हे लिहिताना माझेच हात कापतायत.

फिरता डॉक्टर:

स्वतःहून गोळी बंद करू नका. पिशवी जशीच्या तशी घेऊन उद्याच डॉक्टरकडे जा. प्रत्येक पाकिटावरचं मोठं नाव सोडून खालचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव वाचा. एकच औषध दोन नावांनी चालू असणं आम्ही फार बघतो. ग्लिमेपिराइड (साखर खाली आणणारी गोळी) किंवा तसलीच गोळी असेल आणि किडनी थोडी मंद असेल, तर साखर एकदा वर येऊन पुन्हा पडू शकते. म्हणून गूळपाणी देऊन झोपवू नका. पंधरा मिनिटांनी परत मोजा, मग काहीतरी खायला द्या. काकींना ग्लुकोमीटर शिकवा: आधी मोजायचं, मग लगेच पाजायचं. मोजता आलं नाही तर मोजण्यापायी थांबायचं नाही, आधी पाजायचं. शुद्ध नसेल तर मात्र तोंडात काही घालायचं नाही, सरळ १०८.

मिरजेची सिस्टर:

मी सरकारी रुग्णालयातून निवृत्त झाले. कागदाचं मी सांगते.

एकच पान, दाराच्या आतल्या बाजूला, डोळ्याच्या उंचीवर. वर नाव, वय, आजार. मग औषधांची खरी नावं, किती आणि कधी. मग त्यांचं नेहमीचं: शांत असताना बीपी किती, ऑक्सिजन किती, पायाला सूज असते की नसते. रात्रीच्या डॉक्टरला हेच कुणी सांगत नाही, म्हणून तो घाबरून पुढं पाठवतो. त्याखाली "घाम-थरथर असल्यास आधी साखर मोजा, काही पाजलंय का विचारा." शेवटी तुमचा आणि मुलीचा नंबर, आणि रात्री कितीही वाजले तरी फोन करा असं स्पष्ट. पानावर तारीख घाला. औषध बदललं की जुनं पान फाडायचं, त्यावर खाडाखोड नको. त्या पानाचा फोटो काकींच्या फोनमध्ये.

डॉक्टर एकच मुख्य ठरवा आणि तसं बाकीच्यांना सांगा. बाकीचे काहीही लिहून देवोत, सुरू करायचं की नाही हे मुख्य डॉक्टर ठरवतील. गावच्या उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी असतात, त्यांना जाऊन भेटा. बीपी-साखर तपासणी तिथंच होते आणि ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरून डॉक्टरशी बोलणंही होतं. वजन रोज सकाळी करून वहीत लिहा. आशाताईंना सांगून ठेवा, आठवड्यातून एकदा वही बघतील. हृदयाच्या पेशंटचं वजन दोन-तीन दिवसांत दोन किलोनं वाढलं तर ते पाणी साचलेलं असतं. दम लागायच्या आधी कळतं.

सत्तरीच्या पुढच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलं नसेल तर काढा, आधारवर निघतं. पाच लाखांपर्यंतच्या उपचाराला चालतं, पण ॲडमिट झाल्यावरच, रोजच्या गोळ्यांना नाही. जीव घाबरतो त्यासाठी टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ रात्रीही चालतो, मराठीत बोलतात. ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा १४५६७ सकाळी आठ ते रात्री आठ.

कराडकर (सध्या लीड्स):

इथं इंग्लंडमध्ये वारंवार ॲम्ब्युलन्स बोलावणाऱ्यांसाठी वेगळी माणसं नेमलेली असतात. ब्लॅकपूलमध्ये रुग्णवाहिकेवरच्याच एका बाईंनी हे सुरू केलं. अशा लोकांना फोन करायचा, बोलतं करायचं आणि "तुम्हाला काय हवंय?" असं विचारायचं, एवढ्यापासून सुरुवात. गोळ्यांआधी हे विचारतात, ते मला पटतं. तुमच्या आत्यांना तुळस हवी आहे.

एक सावधगिरीही सांगतो. अमेरिकेत न्यूजर्सीच्या कॅमडेनमध्ये असंच काम फार गाजलं होतं. मग ८०० पेशंटांवर नीट चाचणी केली, तिचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. मदत मिळालेल्यांपैकी ६२.३ टक्के सहा महिन्यांत पुन्हा ॲडमिट झाले, न मिळालेल्यांपैकी ६१.७. फरकच नाही. माणूस सगळ्यात वाईट काळात असताना मोजायला सुरुवात केली की पुढं आकडा आपसूकही उतरतो. तेव्हा फेऱ्या कमी झाल्या की जिंकलो आणि वाढल्या की हरलो, असं धरू नका. त्या रात्री आत्यांना काय झालं होतं, हे दर वेळी शोधा.

यार्डातला:

साडेतीन आठवड्यांनी लिहितोय, उशीर झाला.

पिशवी घेऊन सांगलीतल्या फिजिशियनकडे गेलो. त्यांनी टेबलावर सगळी पाकिटं पसरली, भिंग काढलं आणि दोन पाकिटं बाजूला ठेवली. नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या, आत दोन्हीकडे ग्लिमेपिराइड. एक एका दवाखान्यातलं, दुसरं दुसऱ्यातलं. आत्या दोन्ही घेत होती. क्रिएटिनीनही (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) थोडं वर निघालं. एक गोळी बंद केली, दुसरी कमी केली, झोपेची गोळी थांबवली. म्हणाले, "या वयात साखर थोडी वर राहिली तर निभेल, खाली गेलेली निभणार नाही." मुख्य डॉक्टर व्हायला ते तयार झाले, मीच विचारायला इतके दिवस लाजत होतो.

पान दारावर लावलंय. मधल्या एकादशीला रात्री दहाला राजगिऱ्याचा लाडू आणि दूध घ्यायला ती कबूल झाली. रात्र शांत गेली.

एकदा १०८ आलीच. वळवाचा पाऊस, गावची लाईट गेलेली. साखर १२८, बीपी ठीक, दम नाही. गाडीतल्या डॉक्टरीणबाईंनी पान वाचून मला २ वाजून ४० मिनिटांनी फोन लावला. आत्याशी बोललो. दुखत काही नव्हतं, ती घाबरली होती. नेलं नाही. काकी सांगतात, पायलट ओट्यावर दहा मिनिटं तिच्याशी बोलत बसला. दम आणि पायाच्या सुजेसाठी वजनाची वही चालू आहे. खारातली मिरची अजून सुटलेली नाही.

आता राहिली रात्रीची सोबत. भावकीतली बारावीची एक मुलगी अभ्यासाला येऊन झोपायला तयार आहे, पण तिच्यावर एवढी जबाबदारी टाकणं मला बरोबर वाटत नाही. तिच्या आईबरोबर आणि काकींबरोबर पाळी लावावी असं मनात आहे. सांगली-साताऱ्याकडच्या गावांत कुणी अशी पाळी लावून टिकवली आहे का? पैसे दिले की नाती बिघडली, की उलट टिकली? आषाढी जवळ आलीय आणि आत्या निर्जळीचं म्हणतेय. त्या दिवशी गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांनी लिहून दिलंय, पण त्या रात्री तिच्याजवळ कुणीतरी हवंच. त्याआधी कुणी सांगितलं तर बरं होईल.