परप्रांतीय कामगारांना एआय शिकवायचंय, सुरुवात कुठून करावी?

मिरज_पूर्व: कुपवाड एमआयडीसीत बिहार, ओडिशाची बरीच पोरं हेल्पर आहेत. हाताला कसब आहे, पण सीएनसी (कॉम्प्युटर प्रोग्रामवर चालणारं मशीन) ऑपरेटर व्हायला वर्षं जातात. रविवारी दोन तास त्यांचा एआयचा वर्ग घ्यायचाय. कॉम्प्युटर नाही, मोबाइल आहेत. वाचायला हिंदी येते. काय शिकवलं तर पगार वाढेल?

टूलरूम: ‘एआय म्हणजे काय’ यात पहिला रविवार घालवू नका. जॉबचं, म्हणजे मशीनवर बनवायच्या भागाचं, ड्रॉइंग हातात द्या आणि मोबाइलच्या कीबोर्डवरच्या माइकने एआयला हिंदीत त्याचा प्रोग्राम विचारायला लावा. मटेरियल, व्यास, इन्सर्ट (टूलची कापणारी टिकली) आणि मशीनचा कंट्रोल कोणत्या कंपनीचा, फानुक की सीमेन्स, एवढं सांगितलंच पाहिजे. कंट्रोल सांगितला नाही तर दोन्हींच्या कोडची खिचडी मिळते.

मग उत्तर तपासायला शिकवा. खरी किंमत त्यालाच आहे. आरपीएम (मिनिटाला फेरे) म्हणजे १००० गुणिले कटिंग स्पीड, भागिले ३.१४ गुणिले व्यास. स्पीड मिनिटाला २०० मीटर असेल तर ५० मिमीला साधारण १२७४, १० मिमीला थेट ६३६९. म्हणून फानुकवर फेसिंगला (जॉबचं तोंड सपाट करताना) कटिंग स्पीड कायम ठेवणारा जी९६ कोड लावला आणि जी५० ची कमाल आरपीएमची मर्यादा लिहायची राहून गेली, की टूल मध्याकडे जाईल तसा स्पिंडल कमाल वेगाकडे चढत जातो, जॉब धरणाऱ्या जॉची पकड कमी होते आणि जॉब उडू शकतो. एआयच्या प्रोग्रामात ही ओळ सुटू शकते. ती पोरांना स्वतः शोधू द्या. मशीनवर आधी ग्राफिक (स्क्रीनवर टूलचा मार्ग बघणं), मग सिंगल ब्लॉक (एकेक ओळ चालवणं), तेही सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा, शेजारी उभा असतानाच.

भरती_विभाग: वर्गात एआयकडून बायोडाटा लिहून घेणंही घ्या. एआय न मागता ‘प्रोग्रामिंगमध्ये निष्णात’ असं ठोकून देतं, आणि मुलाखतीत मायक्रोमीटर हातात दिला की ०.०१ मिमीचं रीडिंग घेता येत नाही. ‘मी सांगितलं नाही ते लिहू नको’ हे वाक्य पाठच करून घ्या. कोणती मशीन, कोणता जॉब, किती टॉलरन्स (मापात चालणारा फरक), बास. आधार आणि पासबुकाचे फोटो एआयमध्ये टाकू देऊ नका. यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) जुनाच नव्या कंपनीत द्यायला सांगा. दुसरा निघाला की पीएफ दोन ठिकाणी अडकतो.

मिरज_पूर्व: शेवटी एआयचं प्रमाणपत्र द्यावं का?

टूलरूम: त्याने शॉपमध्ये काही हलत नाही. अनुभव आहे पण कागद नाही, अशांना आरपीएलची (आधीच्या शिक्षणाला मान्यता) चाचणी द्यायला लावा. असलेलं कौशल्य तपासूनच ते प्रमाणपत्र मिळतं. वर्गात त्या चाचणीचे प्रश्न एआयकडून हिंदीत काढून घ्या, उत्तरं मात्र सेटरकडून तपासून घ्या.