डार्क मॅटर: सगळ्यांचे आकडे एकाच सुपात?

टिळकवाडी: कालची पोस्ट म्हणते, डार्क मॅटर (विश्वातलं न दिसणारं, फक्त गुरुत्वाकर्षणानं जाणवणारं द्रव्य) शोधणारे सगळे, म्हणजे जमिनीखालची झेनॉनची टाकी, फर्मी ही अवकाशातली गॅमा दुर्बीण, कण एकमेकांवर आदळवणारं एलएचसी यंत्र, यांचे आकडे जोडा म्हणजे उत्तर मिळेल. साफ चूक. टाकी अणुकेंद्राला बसलेला धक्का मोजते, फर्मी बटुआकाशगंगांकडून येणारे गॅमा किरण बघते आणि एलएचसीत दिसते ती फक्त हरवलेली ऊर्जा. तो अदृश्य कण सेकंदभर टिकला की अब्जावधी वर्षं, हे तिथल्या डिटेक्टरला कळतच नाही. एका आलेखावर आणायचं तर मध्ये मॉडेल घालावं लागतं. मॉडेल बदललं की रेषा सरकली.

निपाणी: अर्धंच सांगताय ओ. सारख्याला सारखं जोडता येतं. इटलीतल्या डामा या प्रयोगाचा सिग्नल वर्षभर वरखाली होतो, जूनच्या सुरुवातीला सर्वाधिक, आणि तो डार्क मॅटरचाच असा त्यांचा दावा. त्यांचे स्फटिक सोडियम आयोडाइडचे. स्पेनचं अनाइस आणि कोरियाचं कोसाइन या प्रयोगांकडेही तेच स्फटिक. 2025 मध्ये दोघांचे आकडे जोडले आणि डामाच्या दाव्याशी चार सिग्मापलीकडचा, म्हणजे योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही इतका, विरोध निघाला.

टिळकवाडी: आणि क्वेंचिंग? सोडियमच्या अणुकेंद्राला धक्का बसला की इलेक्ट्रॉनच्या मानानं स्फटिकात प्रकाश कमी पडतो. डामा हा गुणांक 0.3 धरतं, नव्या मोजण्या त्याहून बऱ्याच खाली आहेत. मग एकाचं 2 केईव्ही (ऊर्जेचं एकक) ते दुसऱ्याचं 2 केईव्ही कसं?

खानापूर: स्पेन, कोरिया झालं, कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीचं कोण बोलणार? 1965 मध्ये तिथं 2.3 किलोमीटर खोल वातावरणातले न्यूट्रिनो टिपले. 2001 ला खाण बंद, पंप बंद, पाणी भरलं. आज आपली प्रयोगशाळा झारखंडमधल्या जादुगुडाच्या खाणीत, फक्त 555 मीटर खोलीवर.

चिकोडी: खोली म्हणजे सगळं नव्हे. तिनं म्युऑन, म्हणजे आकाशातून येणारे भेदक कण, अडतात. खडकातले न्यूट्रॉन अडवायला पाण्याची टाकी लागते. रेडॉन हा किरणोत्सारी वायू झेनॉनमध्येच विरघळतो, त्यातून शिसे-214 चे बीटा कण (इलेक्ट्रॉन) येतात. त्यांना बाहेरची कुठलीच भिंत अडवत नाही, झेनॉन सतत ऊर्ध्वपातनातून फिरवावा लागतो.

खानापूर: रेडॉन नंतरही काढता येतो, खोली नंतर कुठून आणणार? अमेरिकेत होमस्टेक या सोन्याच्या खाणीचे पंपही 2003 ला बंद पडले होते, खाण बुडली होती. पाणी उपसलं आणि आज तिथंच 1.5 किलोमीटर खोलीवर एलझेड ही झेनॉनची टाकी चालू आहे. आपल्याकडे उपसायचं कुणी मनावरच घेतलं नाही, याचा राग येतो.

चिकोडी: होमस्टेकचं मान्य. पण धागा कोलारचा नव्हे.

टिळकवाडी: बरं, स्फटिकाला स्फटिक जोडा, पण प्रत्येकाचं क्वेंचिंग फिटमध्ये, म्हणजे आकडे मॉडेलला बसवताना, मोकळं ठेवा. 'सगळे जोडा' हे मी मानणार नाही.

निपाणी: तेवढं पुरे. आता ऑस्ट्रेलियातल्या स्टॉवेलच्या खाणीतल्या अशाच स्फटिकांचे आकडे येऊ देत. तिथं ऋतू उलटे, म्युऑनचा चढ डिसेंबर-जानेवारीत. डार्क मॅटरचा मात्र जूनमध्येच यायला हवा, कारण तो ऋतूवर नव्हे, पृथ्वीच्या कक्षेतल्या गतीवर अवलंबून.