डी.एड. झालंय, वय ३४, आता कंपनीत इलेक्ट्रिशियन व्हायचं म्हणतो, जमेल का?

वणीकर_३४
नमस्कार मंडळी. डी.एड. करून शिक्षक भरतीची वाट पाहू पाहू केस पांढरे झाले, सध्या कृषी केंद्रावर खत-बियाणं मोजून राह्यलो. घरच्या विहिरीवरची मोटर, स्टार्टर, केबल सगळं मीच पाहतो, गावातले लोकही बोलावते. म्हणून वाटते का आयटीआय करून खाणीत नाही तं सिमेंट कंपनीत लागावं. बाबा म्हणते, मास्तर व्हायले निघाला होता अन् वायरमन होऊन राह्यला. या वयात घेते का? अन् मोटरचं येतेच मले, तं दोन वर्षं बसायची गरज हाय का?

गडचांदूर_नाईट_शिफ्ट
घेते ना भाऊ. दहावी पास पाह्यजे, वरची वयाची अट नाही. फक्त अप्रेंटिस घेताना काही कंपन्या वय पाहते, ते आधी विचारून घेजो.
आता राग नको मानू, मोटर येते हीच तुयी अडचण हाय. मीही शेतातूनच आलो. आपल्याकडं रिले (मोटरनं जास्त करंट ओढला का ती बंद करणारा) ट्रिप झाला का स्क्रू फिरवून सेटिंग चढवतो, तरी नाही जमलं तं रिले सोडून डायरेक्ट जोडतो, कारण लाईन रात्रीची अन् पऱ्हाटी सुकून राह्यली. तीच सवय घेऊन गेलो कंपनीत. पंपाची १० एचपीची मोटर घडीघडी ट्रिप होये, प्लेटवर १४ अँपिअर पाह्यले अन् रिले नेऊन ठेवला १४ वर. स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटर आधी कमी करंटवर सुरू करणारा) होता बाप्पा, रिले वाइंडिंगच्या लाईनीत, तिथं प्लेटवरच्या अँपिअरच्या ०.५८ पट धरायचं, म्हणजे ८ च्या आसपास. सिनियरनं पाह्यलं, सगळ्यांसमोर झापलं. क्लॅम्प मीटर (तारेभोवती लावून करंट मोजणारा) लावला तं बेअरिंग जाम निघाली. अजून थोडी चालली असती तं वाइंडिंग गेलंच असतं.

बुटीबोरी_पॅनेल
बरोबर बोलले भाऊ. दोन वर्षांत ड्रॉइंग वाचायले शिक, हात तं बसतेच. कंपनीत पॅनेल उघडलं का नुसत्या तारांच्या शेवया, कोणता संपर्क एनओ (एरवी उघडा), कोणता एनसी (एरवी जोडलेला) हे कागदावरूनच समजते. अन् टेस्टरच्या भरोशावर हात घालू नको. मीटर आधी चालू लाईनवर पाहायचं, मग बंद केलेल्या जागी, मग परत चालूवर, नाही तं मीटरच मेलेलं असते अन् आपण समजतो लाईन मेली. ब्रेकरले कुलूप आपलं, चावी आपल्या खिशात, साहेब ओरडला तरी.

वरोऱ्याची_ताई
माझे मिस्टर याच कामात आहेत म्हणून सांगते. सुरुवातीला ठेकेदाराकडं हेल्परच व्हावं लागते, पगार कदाचित तुमच्या कृषी केंद्रापेक्षा कमी. दिवाळीला ड्युटी लागली तर घरचे बोलतात, ते वेगळंच. वहिनींना आधी विचारा जी, बाबांचं नंतर पाहता येते.

वणीकर_३४
बायको हो म्हणते, आयटीआय सुटल्यावर संध्याकाळी दुकान करीन. पण नाईट शिफ्टवाल्या भाऊनं घोळ केला, परवाच शेजाऱ्याच्या मोटरचं सेटिंग मीच चढवून देल्लं होतं 😅 तिकडं जाऊन येतो आधी.