मदत हवी आहे: श्रीलंकेले मिरची पाठवायची का? पैसे अडकणार तर नाहीत ना?

भिवापूरचा_मिरचीवाला:
नमस्कार मंडळी. भिवापूर साइडची आमची छोटी शेतकरी कंपनी हाय, सुकी लाल मिरची आजवर नागपूरच्या कळमना बाजारातच जाते. आता एक एजंट मागं लागला का कोलंबोचा आयातदार एक कंटेनर घेतो, ३० टक्के ॲडव्हान्स अन् बाकी माल पोचल्यावर ९० दिवसांनी. भाव कळमन्याहून बरा देऊन राह्यला. तिकडं सुकी मिरची बहुतेक भारतातूनच जाते म्हणून गिऱ्हाईक खोटं वाटत नाही, पण माझं डोकं अडकलं ते त्या देशावर. २०२२ च्या एप्रिलमध्ये त्यांनी सरळ जाहीर केलं होतं का बाहेरचं कर्ज आत्ता फेडत नाही, पेट्रोलच्या रांगा, राष्ट्राध्यक्ष पळाला, सप्टेंबरात महागाई ७० टक्क्यांच्या घरात, अन् डॉलरच नाही म्हणून बंदरात अन्नधान्याचे कंटेनर पडून. त्याच्या आदल्या वर्षी रासायनिक खतावर एकदम बंदी घातली होती, ते तर आपल्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याले इचारलं असतं तरी नको म्हणला असता.

आता वाचून राह्यलो का २०२४ मध्ये अर्थव्यवस्था ५ टक्क्यांनी वाढली, २०२५ मध्ये खाजगी गाड्यांची आयात पण सुरू केली. मंग सावरला म्हणायचं का? आमच्या संचालकांमध्ये दोन गट पडले, एक म्हणते पाठवा, दुसरा म्हणते संत्र्याचं बांगलादेशनं काय केलं ते पाहा. कोणी पाठवलं असन तर सांगा राजेहो.

वरूडकर:
संत्र्याचं नाव काढलंच तर बोलतो. बांगलादेशची संत्र्यावरची आयात ड्युटी २०१९ मध्ये किलोला २० टका होती, २०२३ पर्यंत ८८ झाली. तिथं कोणाचे पैसे बुडाले म्हणून नाही, ड्युटीनंच आमचा माल बसला. श्रीलंकेत पण सुक्या मिरचीवर, कांद्यावर स्पेशल कमोडिटी लेव्ही म्हणजे आयातीवरचा खास कर लागते अन् ती गॅझेट काढून रातोरात बदलते, माल समुद्रात असताना सुद्धा. ती वाढली तर कोण भरन हे आधी लिहून घ्या.

बँकवाला_नागपूर:
भाऊ, दोन गोष्टी वेगळ्या करा. देशाकडे डॉलर आहे का, हा एक प्रश्न. त्या आयातदाराची नियत काय, हा दुसरा, अन् तो एजंट दुसऱ्यावर बोलतच नसन. देशाचं म्हणाल तर मे २०२२ मध्ये वापरता येणारा परकीय साठा ५ कोटी डॉलरच्याही खाली गेला होता, २०२४ अखेर साठा ६ अब्जाच्या वर. मार्च २०२३ मध्ये आयएमएफचं साधारण ३ अब्जांचं पॅकेज मंजूर झालं, जून २०२४ मध्ये भारत, जपान, फ्रान्स वगैरे देशांशी कर्जफेडीची मुदत वाढवायचा करार झाला, डिसेंबरात रोखेवाल्यांशी जुन्या रोख्यांची नव्याशी अदलाबदल. पण या सवलतीमुळं मुद्दलाचे मोठे हप्ते २०२८ नंतर येतात. म्हणजे आत्ता खिसा भरलेला दिसते तो थोडा उधारीवरचा आहे. अन् हे लोकांच्या पोटाला चिमटा काढून झालं, जानेवारी २०२४ पासून व्हॅट १८ टक्के.

तरी एका कंटेनरसाठी मला २०२८ ची भीती नाही. भीती त्या ९० दिवसांच्या उधारीची आहे. ॲट साइट एलसी मागा, म्हणजे मालाचे कागद दाखवले का लगेच पैसे द्यायची आयातदाराच्या बँकेची लेखी हमी, तीही दुसऱ्या बँकेनं कन्फर्म केलेली, म्हणजे तिकडची बँक अडली तरी कन्फर्म करणारी बँक पैसे देते. आयातदार त्याले नाही म्हणाला तर उत्तर मिळालं समजा. शिपमेंटच्या आधी ईसीजीसीचा (निर्यातीचे पैसे बुडले तर भरपाई देणारी सरकारी कंपनी) विमा घ्या, माल गेल्यावर धावपळ करून फायदा नाही.

भिवापूरचा_मिरचीवाला:
धन्यवाद दादा. एजंट म्हणते का एलसीचा खर्च जास्त, रुपयातच करा ना व्यवहार. तसं होते का?

बँकवाला_नागपूर:
होते, आरबीआयनं जुलै २०२२ मध्ये रुपयात परदेशी व्यापाराची सोय केली, खास व्होस्ट्रो खात्यातून, म्हणजे तिकडच्या बँकेनं आपल्या बँकेत उघडलेल्या रुपयाच्या खात्यातून. त्यानं डॉलरची अडचण सुटते, आयातदारानं पैसेच नाही दिले तर ते नाही सुटत. रुपयातही एलसी होते, त्याले तेच विचारा.

उमरेडचा_पोट्टा:
अन् माल पाठवण्याआधी ओलावा अन् अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) तपासून घ्या. तिकडं सँपल फेल झालं तर आयातदाराले पैसे दाबाले आयतं कारण भेटते.

भिवापूरचा_मिरचीवाला:
बरं. एजंटले एलसीचं इचारतो अन् काय म्हणते ते इथंच टाकतो. कन्फर्म करायचा खर्च साधारण कोण भरते, आपण का तो?